रुग्णप्रश्नावली, प्रमाण मराठी आणि खानदेशची बोली

बोलीच्या अभ्यासाकडे आपण बहुधा लोकगीते, म्हणी आणि ग्रामीण कादंबरी यांच्या वाटेने जातो. दवाखान्यात बोलीचे काय होते, हा प्रश्न मराठी विभागांच्या कक्षेबाहेरचा मानला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो कक्षेतलाच आहे.

नैराश्याची लक्षणे मोजणाऱ्या 'पीएचक्यू-९' या प्रश्नावलीचे उदाहरण घेऊ. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी २००१ मध्ये तिची सप्रमाणता प्रसिद्ध केली. प्रश्न नऊ, कालावधी मागील दोन आठवडे, प्रत्येक प्रश्नास ० ते ३ गुण, एकूण गुण २७. दहा वा अधिक गुण आले की पुढील तपासणी आवश्यक समजतात. तिचे मराठी रूपही उपलब्ध आहे. अशा अनुवादांची रीत ठरलेली आहे : दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट अनुवाद, तज्ज्ञसमिती, थोड्या रुग्णांवर पूर्वचाचणी आणि शेवटी संख्याशास्त्रीय कसोट्या. उलट अनुवादाचा पुरस्कार ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये केला.

या रीतीतील उलट अनुवाद हाच माझ्या आक्षेपाचा विषय आहे. 'खिन्नता' हा शब्द इंग्रजीत बिनचूक परततो, कारण जाणारा आणि येणारा दोघेही पदवीधर असतात. अमळनेर किंवा साक्री तालुक्यातील शेतमजूर स्त्री मात्र 'खिन्न' नसते. तिचा 'जीव घाबरस'. अनुवादकाने हेच लिहिले, तर उलट अनुवादात ते भीती किंवा धडधड म्हणून परतेल आणि समिती त्यास चूक ठरवील. म्हणजे परीक्षा शब्दाची होते, रुग्णाच्या अनुभवाची नव्हे. (वाङ्मयीन अनुवादाच्या चर्चेत आपण हा दोष केव्हाच ओळखला होता.)

उत्तरांच्या श्रेणीचेही तसेच. 'निम्म्याहून अधिक दिवस' हे गणित कागदावर सोपे आहे. जिचे दिवस आठवडेबाजाराने मोजले जातात, तिला 'मागच्या दोन बाजारांत' असे विचारलेले अधिक कळेल. 'भूक मंदावणे किंवा अतिखाणे' यांसारखे जोडप्रश्न ऐकणाऱ्याला तर फारच अवघड.

ऐकणाऱ्याला, कारण निरक्षर रुग्णाला प्रश्नावली वाचून दाखवावी लागते, आणि वाचणारा जागच्या जागी बोलीत सांगतो. शिरपूरला एक वाक्य, यावलला दुसरे. कागदावरची प्रश्नावली प्रमाणित राहते, तोंडची राहत नाही; दहाचा उंबरठा मात्र दोन्हीकडे तोच. त्यावरून एखाद्या बाईला औषध मिळते वा मिळत नाही.

२०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे सुमारे साडेअठरा लाख नोंदले गेले, तेही मराठीहून वेगळ्या गटात. ग्रिअर्सननेही तिला मराठीच्या नव्हे, भिल्ली भाषांच्या खंडात ठेवले होते. वर्गीकरणाचा वाद चालू राहील. पूर्वेस बहिणाबाईंची लेवा बोली, सातपुड्यात पावरी, हा विस्तार पाहता प्रत्येक बोलीत स्वतंत्र प्रश्नावली व तिचे प्रमाणीकरण हा आग्रह अव्यवहार्य आहे, हे मान्य. पण प्रत्येक प्रश्नाखाली वाचणाऱ्यासाठी दोन-तीन तपासलेली बोलीवाक्ये छापणे अव्यवहार्य नाही. ती वाक्ये डॉक्टरांनी एकट्याने रचू नयेत. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत अहिराणी घरांतून आलेले एम. ए. चे विद्यार्थी आहेत. लघुप्रबंधासाठी त्यांना आणखी एक म्हणींचा संग्रह देण्याऐवजी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, रीतसर परवानगीने, ऐकायला बसवावे.