फुल थ्रॉटलवर हरवणारी ठिणगी

पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानाचे इंजिन हवेत अडखळू लागले की पहिला संशय कार्बोरेटरच्या सुईवर घेतला जातो आणि सुई फिरवूनही गुण आला नाही, तर इग्निशनचे महागडे मॉड्यूल बदलले जाते. या दोहोंच्या मधली प्लगची टोपी, तिच्यातली स्प्रिंग आणि वायरीवरची धातूची जाळी मात्र तपासणीतून सुटतात. ही सवय खर्चिक आहे आणि बहुतेक वेळा चुकीचीही.

ठिणगीवरचा अविश्वास या छंदात जुना आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत विकल्या गेलेल्या ब्राउन ज्युनिअरसारख्या इंजिनांना बॅटरी, कॉइल आणि पॉइंट असा संच लागे व त्याचा भार छोट्या विमानाला सोसत नसे. त्यामुळे 1947 साली रे आर्डेन यांचा ग्लो प्लग, म्हणजे मिथेनॉलच्या संपर्काने प्लॅटिनमयुक्त तार आपोआप तापलेली ठेवणारा प्लग, बाजारात आल्यावर तो संच झपाट्याने मागे पडला. पुढे मोठ्या विमानांसाठी लाकूड कापण्याच्या आणि गवत कापण्याच्या यंत्रांची पेट्रोल इंजिने वापरात आली, तेव्हा त्यांच्याबरोबर मॅग्नेटो आला. फ्लायव्हीलमधले चुंबक कॉइलजवळून फिरवून वीज निर्माण करणाऱ्या या रचनेला बॅटरी लागत नाही, पण फ्लायव्हील जड असते आणि हाताने पंखा फिरवण्याच्या मंद वेगाला ठिणगी दुबळी पडते.

आजची सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमधल्या साठ्यावर चालणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, ही अडचण दूर करते. ती बॅटरीचे मोजके व्होल्ट वाढवून कपॅसिटरमध्ये साठवते आणि प्रोपेलरच्या हबमधले चुंबक हॉल सेन्सरसमोरून गेले की तो साठा कॉइलमधून सोडते. वेगानुसार ठिणगी किती आधी पडावी हेही तिचे सर्किटच ठरवते. पूर्ण वेगाला ही आघाडी साधारण 28 अंश असते, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्या असताना पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वी जेमतेम 0.8 मिलिसेकंद.

तरीही इंजिन मंद गतीला सुरळीत चालते आणि फुल थ्रॉटलवर फटके चुकवते, याचे कारण सिलिंडरमधल्या दाबात आहे. प्लगच्या फटीतून, जी साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, ठिणगी उडवायला लागणारे व्होल्टेज फटीतला वायू जितका दाट तितके वाढते. मंद गतीला सिलिंडर अर्धामुर्धा भरतो म्हणून कमी व्होल्टेजवर भागते, पूर्ण गतीला ते भागत नाही, आणि मग सैल टोपी किंवा तडकलेले इन्सुलेशन ही वीज निसटण्याची सोपी वाट ठरते. म्हणूनच प्लग बाहेर काढून मोकळ्या हवेत ठिणगी पाहण्याची प्रचलित चाचणी फारशी विश्वासार्ह नाही. शिवाय ती करताना प्लगची बॉडी इंजिनला टेकवली नाही, तर परतीची वाट न मिळालेली वीज मॉड्यूलच जाळू शकते. टोपीच्या आतली काळी रेघ पाहणे हा त्याहून बरा पुरावा.

वायरीवरच्या जाळीला लोक केवळ रेडिओतला व्यत्यय अडवणारे आवरण समजतात. ते तिचे काम आहेच, आणि रिसीव्हर 72 मेगाहर्ट्झवर चालत तेव्हा सैल जाळीने सर्व्हो थरथरू लागत, 2.4 गिगाहर्ट्झच्या संचांनी हा त्रास बराच कमी केला. पण इंजिनाच्या धातूपासून मॉड्यूलपर्यंत वीज परत नेणारी वाटही तीच असल्याने, आणि एका सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे तिच्या तारा एकेक करून तोडत असल्याने, तिची गरज रेडिओबरोबर संपलेली नाही.

नीट जपलेली ठिणगी किती काळ साथ देते हे मेनार्ड हिल यांच्या टॅम-5 या मॉडेल विमानाने ऑगस्ट 2003 मध्ये दाखवले: स्पार्क इग्निशनसाठी बदललेल्या 10 सीसीच्या चार-स्ट्रोक ओएस इंजिनावर, कंदिलाच्या इंधनाने, ते न्यूफाउंडलंडहून निघून 38 तास 52 मिनिटांनी आयर्लंडला उतरले.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, कारण हवे तेव्हा बंद न होणारे इंजिन अचानक बंद पडणाऱ्या इंजिनापेक्षा अधिक धोकादायक असते. ट्रान्समीटरवरून इग्निशन तोडणारा किल स्विच साखळीत आणखी एक सांधा वाढवतो हा आक्षेप खरा असला, तरी रिसीव्हर आणि इग्निशन यांच्यात तारेऐवजी प्रकाशाने संदेश नेणारा स्विच घेऊन, सिग्नल तुटताच तो इग्निशन बंद करील अशी फेलसेफची रचना ठेवणे आणि पंखा फिरवण्याआधी ती जमिनीवर तपासणे हेच योग्य.