दोन सीटांची हौस आणि घरचा हिशोब

जुनी पोर्शे बॉक्सटर आता इथे नव्या साध्या गाडीपेक्षा कमी पैशांत मिळते. १९९६ साली आलेली ही दोन सीटांची गाडी. इंजिन सीटच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे. वजन मध्यावर असल्यामुळे वळणावर ती अशी वळते की आमच्यासारख्या इंजिनिअरचा जीव जडणारच.

पण स्वस्त असते ती खरेदी, गाडी नव्हे. सुटे भाग पोर्शेच्याच भावाने येतात. पहिल्या पिढीच्या (१९९६ ते २००४) इंजिनात मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग असतं. ते फुटलं तर सहसा अख्खं इंजिन जातं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लचच्या कामाबरोबरच उरकून घ्यावं. दर दोन वर्षांनी ट्युफची तपासणी आहेच. तीस वर्षांनंतर ओल्डटायमरची 'एच' नंबरप्लेट मिळू शकते, पण तिचा कर वर्षाला १९१.७३ युरो, २.५ लिटरच्या, युरो-२ दर्जाच्या पेट्रोल गाडीला तो एरवीही १८४ युरोच पडतो. त्यापेक्षा एप्रिल ते ऑक्टोबरची हंगामी नंबरप्लेट बरी; कर तेवढ्याच महिन्यांचा.

माझं मत असं : किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता येत असेल तरच घ्या. कर्ज काढून तर नकोच. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राखलेल्या पैशांना हात लावायचा मोह मलाही झाला होता. लावला नाही. ऑपरेशन झालं, आई आता पुण्यात स्वतः जिना चढते. गाडीचे पैसे हळूहळू साठताहेत. हौस थांबते, दुखणं थांबत नाही.