स्वकीयांना ऐकवलेले सत्य

प्रतिपक्षावर आसूड ओढणाऱ्या वक्त्यांची वाण कोणत्याच पक्षाला नसते. अशा भाषणाला टाळ्या मिळतात, प्रसंगी उमेदवारीही मिळते. परंतु स्पष्टवक्तेपणाची खरी कसोटी जाहीर सभेत लागत नाही. ती स्वपक्षाच्या बैठकीत लागते. मधु लिमये (१९२२-१९९५) यांचे राजकीय जीवन या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

१९५५ हे एकच वर्ष घ्यावे. त्या वर्षीच्या जानेवारीत मद्रासजवळील आवडी येथे काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत केला, आणि प्रजा समाजवादी पक्षातील काही ज्येष्ठांना सत्ताधाऱ्यांशी सहकार्याचा मोह पडला. अशोक मेहता यांच्या या भूमिकेवर लिमये यांनी उघड टीका केली. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्याऐवजी पक्षाने त्यांना निलंबित केले. त्याच वर्षी हा ‘बेशिस्त’ कार्यकर्ता गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरला, पोर्तुगीज पोलिसांचा बेदम मार त्याने सोसला, आणि लष्करी न्यायाधिकरणाने त्याला १२ वर्षांच्या कारावासाची शिक्षा फर्मावली. १९५७ मध्ये त्यांची सुटका झाली. शिस्तभंगाचा शिक्का आणि ध्येयनिष्ठा एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे पक्षश्रेष्ठींना यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगायला हवे होते?

आणीबाणीत १९७६ साली लोकसभेची मुदत कायद्याने वाढविण्यात आली. जनतेने पाच वर्षांसाठी निवडून दिले असता त्यापुढे आसनावर राहणे हा मतदारांचा विश्वासघात होय, या भूमिकेतून लिमये आणि शरद यादव यांनी तुरुंगातून राजीनामे दिले. विरोधी पक्षांचे बहुसंख्य सदस्य मात्र जागेवरच राहिले. म्हणजे हा राजीनामा केवळ सरकारचा निषेध नव्हता. विरोधी बाकांनाही विचारलेला तो अवघड प्रश्न होता.

परंतु त्यांच्या परखडपणाचे सर्वांत वादग्रस्त पर्व जनता पक्षाचे. १९७७ मध्ये मंत्रिपदाऐवजी त्यांनी पक्षाचे सरचिटणीसपद सांभाळले. विलीन झालेल्या जनसंघाचे सदस्य राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही बांधील राहणार असतील, तर त्यांची अंतिम निष्ठा कोणाशी, हा प्रश्न त्यांनी पुढे लावून धरला. हाच तो दुहेरी सदस्यत्वाचा वाद. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई यांचे सरकार पडले, आणि पडझडीचे मोठे खापर लिमये यांच्या माथी फुटले.

या आरोपाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. काँग्रेसच्या बाहेरील पाठिंब्यावर आलेले चरणसिंग यांचे सरकार लोकसभेला सामोरे न जाताच ऑगस्टमध्ये कोसळले, आणि जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या. ज्या मार्गाने ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न झाला, तो मार्ग फसला, यात शंका नाही. मात्र उपाय फसला म्हणून निदान खोटे ठरत नाही. एप्रिल १९८० मध्ये खुद्द जनता पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीनेच दुहेरी सदस्यत्वास मनाई केली, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, ६ एप्रिलला, भारतीय जनता पक्षाची स्थापना झाली. जो प्रश्न विचारणे फूटपाडेपणाचे मानले गेले, त्याचे उत्तर पक्षाला अखेर द्यावेच लागले. फक्त तोवर सरकार गेले होते आणि जनतेचा विश्वासही. प्रश्न आरंभीच निकालात काढला असता, तर किंमत कमी पडली असती की नाही, हे सांगता येणार नाही. पण विलंबाने ती वाचली नाही, एवढे निश्चित.

या बोलण्याला वजन आले ते आचरणामुळे. माजी खासदाराचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही, स्वातंत्र्यसैनिकाचेही नाही. १९८२ नंतर सक्रिय राजकारणातून बाजूला होऊन त्यांनी लेखणी हाती धरली. ज्याला काही मिळवायचे नाही, त्याला गप्प बसविण्याचे साधनच सत्तेपाशी उरत नाही.

मात्र अशा व्रतस्थ माणसांच्या जन्माची वाट पाहत बसणे हा संघटनेचा मार्ग नव्हे. ज्याला घर चालवायचे आहे, ज्याला पुढच्या निवडणुकीत तिकीट हवे आहे, त्या सामान्य कार्यकर्त्यालाही बैठकीत निर्भयपणे बोलता आले पाहिजे. त्यासाठी विरुद्ध मताची इतिवृत्तात नोंद व्हावी, त्याला कारणांसह उत्तर दिले जावे, आणि उत्तर मिळण्यापूर्वी कारवाईची नोटीस निघू नये. मतभेद मांडणाऱ्याचे स्मारक उभारणे सोपे असते. तो हयात असताना त्याला बैठकीचे निमंत्रण पाठविणे अवघड असते. समाजवादी म्हणविणाऱ्या पक्षाची लोकशाही या दुसऱ्या गोष्टीवरूनच मोजली पाहिजे.