जुना संगणक, नवी विंडोज आणि दुकानाचा हिशेब

दुकानात संगणक प्रथम आला तो बिले छापण्यासाठी. पुढे उधारीची यादी, मालाचा साठा, कारागिरांची मजुरी, जीएसटीचे कागद आणि एम्ब्रॉयडरीची डिझाइने असे सारे काही त्याच एका पेटीत जाऊन बसले. अशा पेटीची कार्यप्रणाली, म्हणजे तिच्यातील विंडोज, बदलायची की नाही याचा निर्णय दुकानाच्या मालकाने घ्यावयाचा असतो. तो कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलावर सोडून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सांभाळ थांबविला आणि हा प्रश्न उभा राहिला. विंडोज १० त्या दिवशी बंद पडली, असा अनेकांचा समज झाला. तो खरा नाही. त्या तारखेनंतरही संगणक पूर्वीसारखाच चालतो. बंद झाल्या त्या फुकट मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या. घरगुती संगणकांना या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देण्याची योजना कंपनीने जाहीर केली. कंपन्या व कार्यालयांसाठी ती पैसे भरून तीन वर्षांपर्यंत ठेवली. त्याचा दर पहिल्या वर्षी एका संगणकाला ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. तेव्हा "आजच बदला, नाहीतर धंदा बसेल" असे कोणी म्हणाले तर घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे हा निश्चितच धोका आहे.

मग विंडोज ११ का टाकू नये? जरूर टाकावी, पण संगणक तिच्या लायक असेल तरच. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, सिक्युअर बूटची सोय, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर एवढ्या तिच्या अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर या यादीत बसतात. कंपनीचा 'पीसी हेल्थ चेक' हा फुकट प्रोग्रॅम चालविला की संगणक पास की नापास हे कळते. टीपीएम नाही असे उत्तर आले तर लगेच निराश होऊ नये. पुष्कळ संगणकांत ती सोय असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनवर ती 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' या नावाने सापडते.

प्रोसेसरच यादीत नसेल, तर बाजारात अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतात. आमचा सल्ला आहे की दुकानाच्या संगणकावर हा उद्योग करू नये. अशा मशीनला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. २०२४ साली आलेली २४एच२ ही आवृत्ती तर कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही. ज्या सुरक्षिततेसाठी खटाटोप केला तीच पदरात पडत नसेल, तर त्यात मिळविले काय?

आमच्या कारागीर बांधवांची खरी अडचण याहून वेगळी आहे. अनेकांचा हिशेबाचा प्रोग्रॅम डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेला आहे. तो ३२ बिट विंडोज १० वर चालू शकतो. विंडोज ११ केवळ ६४ बिट येते आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रॅमच्या आधाराने ते चालविता येतात. परंतु साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही, त्यासाठी डॉसबॉक्स-एक्स घ्यावा लागतो. शिवाय ३२ बिटवरून ६४ बिटवर चालू विंडोज राखून जाता येत नाही, सारे पुसून नव्याने भरावे लागते. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडले की आपली विंडोज कोणती ते दिसते. हे पाहिल्याशिवाय कोणाला संगणकास हात लावू देऊ नये.

दुसरी अडचण यंत्रांची. एम्ब्रॉयडरीच्या सॉफ्टवेअरचे डोंगल, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, छापखान्यातील स्कॅनर यांचे ३२ बिटचे ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण चालू असेल तर काही जुने ६४ बिट ड्रायव्हरही अडतात. ऐन सीझनमध्ये डोंगल ओळखले गेले नाही, तर हजारो रुपयांचे डिझाइन संगणकात असूनही मशीन रिकामे उभे राहते. म्हणून जोडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून तिचा नवा ड्रायव्हर मिळतो का, हे आधीच विचारून घ्यावे.

एवढे करून बदल करायचे ठरले, तर पुढील क्रम पाळावा. हिशेबाच्या आणि डिझाइनच्या दोन प्रती काढाव्यात, त्यांपैकी एक घरी ठेवावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली, म्हणजे लांबलचक आकडा, वहीत उतरवून घ्यावा, कारण बायोसमध्ये बदल केल्यावर संगणक तो मागू शकतो. सी ड्राइव्हवर २५-३० जीबी जागा मोकळी करावी. की-बोर्ड, माउस व पडदा सोडून बाकी सारे काढून ठेवावे. बाहेरचा अँटिव्हायरस असल्यास तोही काढावा.

काम अर्ध्यात अडले तर पडद्यावर येणारा आकडा लिहून घ्यावा. शून्य-एक्स-सी१९००१०१ असा आकडा आला तर बहुधा दोष ड्रायव्हरचा असतो. शून्य-एक्स-८००७००७० म्हणजे जागा अपुरी. विंडोज बदलली पण काम नीट चालत नाही, असे झाल्यास पहिल्या दहा दिवसांत 'रिकव्हरी'मधील 'गो बॅक' वापरून जुन्या विंडोजवर परतता येते. तोपर्यंत जागा वाचविण्यासाठी 'विंडोज.ओल्ड' हे फोल्डर पुसू नये. ते गेले की परतीची वाट बंद होते. आणि हे सारे सणाच्या किंवा विवरण भरण्याच्या आठवड्यात तर मुळीच करू नये.

ज्यांचे जुने मशीन नापास झाले, त्यांनी ते भंगारात देण्याची घाई करू नये. त्याचे इंटरनेट काढून घ्यावे आणि त्यावर फक्त जुना हिशेब व डिझाइनचे काम चालू ठेवावे. अनोळखी पेन ड्राइव्ह त्याला लावू नये. बँकेचा व जीएसटीचा व्यवहार दुरुस्त्या मिळणाऱ्या दुसऱ्या संगणकावरून करावा. दोन संगणक कोणाला परवडतात, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ज्याला दुसरा घेणे शक्य नाही, त्याने बँकेचे काम मोबाइलवरून करावे. आणि ज्याच्या मशीनवर जुना प्रोग्रॅम वा डोंगल नाही, त्याने लिनक्स मिंट ही फुकट कार्यप्रणाली पाहावी. डिजिटल सहीचे टोकन त्यावर चालते की नाही, हे मात्र आधी तपासावे.

दुकानाची किल्ली आपण ओळख पटल्याशिवाय कोणाच्या हाती देत नाही. ग्राहकांची उधारी, कारागिराची येणी आणि दुसऱ्यांनी विश्वासाने सोपविलेली डिझाइने ही अमानत ज्या पेटीत आहे, तिच्याबाबतीतही तीच सावधगिरी हवी. नवी विंडोज पुन्हा टाकता येते. पुसला गेलेला हिशेब परत येत नाही.