तिकीट क्लोज, जहाज ओपन

आता तुम्ही म्हणाल, संभाजीनगरच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय? आपण फार तर जायकवाडी किती टक्के भरलं ते बघायचं. पण राव, मुंबईहून पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीला जे पेट्रोल-डिझेल येतं, त्याचं बरंचसं कच्चं तेल जवाहर द्वीपाला टँकर जहाजांतून उतरतं. म्हणजे आपल्या गाडीचाही त्यात वाटा आहेच.

टँकरची सुरक्षा म्हटलं की सगळे जहाजाच्या पत्र्याबद्दल बोलतात. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डेझ' खडकावर आदळलं, सुमारे ३७,००० टन तेल सांडलं. त्यानंतर टँकरला दुहेरी कवचाची सक्ती आली. बाहेरचा पत्रा फाटला तरी आतली टाकी शाबूत. झकास उपाय!

पण ३१ जुलै २०११ ला जुहूच्या वाळूत 'पवित' नावाचा टँकर येऊन रुतला, तेव्हा पत्र्याचा प्रश्नच नव्हता. महिनाभर आधी ओमानजवळ तो संकटात सापडला, खलाशांना ब्रिटिश नौदलाने वाचवलं आणि विषय संपला. जहाज मात्र माणसाविना अरबी समुद्र ओलांडून थेट मुंबईत! तेही २६/११ ला तीन वर्षं व्हायच्या आत. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस... कुणालाच पत्ता नाही.

आमच्याकडे सर्व्हर गप्प झाला की रात्री तीनला फोन वाजतो. गप्प होणं हाच अलार्म. समुद्रावर उलटं आहे. एआयएस यंत्रणेत जहाज स्वतःच रेडिओवरून नाव, जागा, वेग सांगत राहतं. त्याची वीज गेली की ते पडद्यावरून गायब.

पावसाळी समुद्रात रडारवर जहाज शोधणं सोपं नाही, हे मान्य. पण सोडलं तेव्हाची जागा तर माहीत होती ना? आणि जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी वारा वाहतो तोच मुळी आपल्याकडे.

माझं म्हणणं साधं आहे. माणसं वाचली, फार चांगलं झालं, पण तिकीट क्लोज करू नका. सोडलेल्या जहाजावर स्वतःच्या बॅटरीवर चालणारा उपग्रह-बीकन ठेवा. ते बुडताना किंवा ओढून नेताना कुणीतरी डोळ्यांनी बघेपर्यंत केस उघडी ठेवा, आणि बिल मालकाला लावा.

आज तर निर्बंध चुकवणारे जुने टँकर मुद्दाम एआयएस बंद करून फिरतात. 'पवित'मध्ये मोठा तेलसाठा नव्हता म्हणून जुहूचं निभावलं. पुढचा भरलेला असला तर काय करणार, याचं उत्तर आधीच तयार हवं.