निघायचं असेल तर आधी रांगेत उभं राहा

‘नोकरी सोडली, बाईक काढली, जग बघायला निघालो.’ ही रील तुम्हीही पाहिली असेल. मागे बर्फाचे डोंगर, पुढे सरळ रस्ता, वर ड्रोन. खाली शेकडो पोरं लिहितात, ‘भावा, हिंमत लागते.’ माझं म्हणणं आहे, हिंमत नंतर लागते, आधी कागद लागतात. आणि जो हे सांगत नाही, तो तुम्हाला अर्धी गोष्ट विकतोय.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गेलं दीड वर्ष बाईकवरून युरोप गाठायची तयारी चालू आहे. बाईक तीन आठवड्यांत तयार झाली: टायर, चेन-स्प्रॉकेट, पॅनियर, क्लच केबलचा जादा सेट, मागे आयएनडी अक्षरांचा स्टिकर. उरलेला सगळा वेळ कागदांनी खाल्ला.

आधी नकाशा बघा. पश्चिमेला पाकिस्तान. स्वतःची गाडी घेऊन तिथून पलीकडे जाणं भारतीयाला आधीच जवळपास अशक्य होतं. पहलगामनंतर, एप्रिल २०२५ मध्ये, अटारीचं नाकंही बंद झालं. पूर्वेला म्यानमार. २०१८ मध्ये मणिपूरमधलं मोरे नाकं पासपोर्टवर ओलांडता येऊ लागलं आणि थायलंडची स्वप्नं पडायला लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्करानं सत्ता घेतली, देश यादवीत गेला, स्वप्न मिटलं. उत्तरेला चीन. तिथे आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चालत नाही. तात्पुरता चिनी परवाना, चिनी नंबरप्लेट आणि एजन्सीचा गाईड घ्यावा लागतो. म्हणून ‘रस्त्यानं’ जगात निघालेला भारतीय बहुतेक वेळा आधी बाईक लाकडी पेटीत घालून जहाजावर चढवतो. रील सुरू होते ती पेटी उघडल्यानंतर.

हे कायम असंच नव्हतं. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, मार्च १९२८ मध्ये फेरी पूर्ण करून परतले. पंजाब, बलुचिस्तान करत ते थेट इराणात उतरले, कारण तेव्हा मुंबई आणि इराण यांच्यामध्ये दुसरा देशच नव्हता. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा चांगली गाडी आहे, जीपीएस आहे, यूपीआय आहे. फक्त तो रस्ता नाही. ही अडचण हिमतीची नाही, राजकारणाची आहे, आणि ती मोटिव्हेशनल म्युझिकनं सुटत नाही.

आता कार्ने. पूर्ण नाव ‘कार्ने द पासाज आं दुआन’, म्हणजे तुमच्या गाडीचा पासपोर्ट. प्रत्येक पानाचे तीन भाग: एक देशात शिरताना कस्टम्स फाडून घेतं, दुसरा बाहेर पडताना, तिसरा शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. मुदत एक वर्ष. त्यामागचं वचन साधं आहे: ही गाडी इथे विकणार नाही, परत नेणार. ते मोडलं, तर त्या देशाची आयात ड्युटी भरावी लागते. म्हणून आधी गाडीच्या किमतीच्या हिशेबात बँक गॅरंटी द्यावी लागते. आमच्यासारख्या घरांत ही गॅरंटी म्हणजे बाबांची एफडी. आडरानात इंजिन बसलं आणि वैतागून गाडी तिथेच सोडली, बाहेर पडल्याचा शिक्का राहिला, तर ती एफडी धोक्यात. ‘सब छोड के निकल जा’ म्हणणारा कोणाचं काय सोडायला सांगतोय, हे एकदा विचारा.

मग व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो आणि सहसा राहत्या देशातूनच. म्हणजे जॉर्जियात पोचल्यावर ‘बघू पुढचं’ म्हणता येत नाही; शेवटच्या देशाचा व्हिसा पुण्यात असतानाच घ्यायचा आणि तिथून उलटं मोजत निघायची तारीख ठरवायची. मिळाला तरी १८० दिवसांत ९० दिवस. आमच्या धंद्यात याला डिपेन्डन्सी म्हणतात: एक तारीख हलली की मागच्या सगळ्या हलतात. शिवाय आपल्या गाडीचा विमा सीमेपलीकडे आपोआप चालत नाही. नेपाळ-भूतानसारख्या शेजाऱ्यांसाठी वाढवून मिळतो, पुढे नाक्यानाक्यावर नवा घ्या. वाटेत पीतज्वराचा देश असेल तर लस किमान दहा दिवस आधी.

यावर ठरलेला टोमणा येतो: ‘एवढं एक्सेलमध्ये बसवलंस तर साहस कुठे उरलं?’ ‘रस्ता नेईल तिकडे’ ही कल्पना बहुतेक वेळा ज्यांच्या पासपोर्टला दारं उघडतात त्यांनी लिहिली आहे. टेड सायमन हा ब्रिटिश पत्रकार १९७३ मध्ये ट्रायम्फवर निघाला आणि चार वर्षं फिरला. त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याचं स्वातंत्र्य आपल्या पासपोर्टला जसंच्या तसं चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं हेल्मेट घालणं. आणि साहस कुठे जात नाही. पाऊस, दरड, पंक्चर, अनोळखी भाषा यांचं एक्सेल होत नाही. कागद नीट असले, की डोकं त्यांच्यासाठी मोकळं राहतं.

माझा राग लपवाछपवीवर आहे. स्पॉन्सरनं बाईक दिली, घरच्यांनी गॅरंटी भरली, एजंटानं फाईल केली, यात लाज कसली? पण ते कापून फक्त वाऱ्यावर उडणारा स्कार्फ दाखवला, की बघणाऱ्या पोराला वाटतं, आपल्यात दम नाही. त्याच्यात दम असतो. त्याला खर्चाचा आकडा आणि कामांचा क्रम कोणी सांगितलेला नसतो. मग कोणी कर्ज काढून बाईक घेतं, राजीनामा देतं, आणि नंतर कळतं की नोकरीचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा व्हिसाच्या फाईलला लागणार होत्या.

म्हणून जाऊन आलेल्यांकडे एक मागणी: ड्रोनचा शॉट ठेवा, पण सोबत खर्चाचा तक्ताही टाका. गॅरंटी किती, जहाजभाडं किती, कुठला व्हिसा नाकारला, कोणी पैसे दिले. आणि निघू पाहणाऱ्यांना एवढंच: बाईकचं बुकिंग करण्याआधी कार्नेच्या गॅरंटीचा आकडा काढा. तो कागद, ज्यांच्या नावावर एफडी आहे त्यांच्यासमोर ठेवा आणि गाडी परत आली नाही तर काय होईल, तेही सांगा. त्यांनी ऐकून ‘हो’ म्हटलं, तर तुमचा प्रवास सुरू झाला.