स्पॅनिश आणि मधला अडत्या

परवा भाचीनं तिच्या स्पॅनिशच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवला. सहा छोटी वाक्यं, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर. पाचांवर लाल रेघ, रेघेच्या वर बरोबर उत्तर आणि खाली शेरा : "आधी इंग्रजी सुधार." त्याखाली तिचा मेसेज, "मामा, माझ्यानं होत नाही हे. क्लास सोडायले मी."

पोरगी नांदेडची. पुण्यात शिकायला गेली तेव्हा "काय करायलीस?" म्हटलं की मैत्रिणी हसायच्या. म्हणजे मराठी अशुद्ध. आता इंग्रजी कच्चं, म्हणून स्पॅनिश येत नाही. हिनं बोलावं तरी कशात?

मी एकेकाळी ही भाषा थोडीफार शिकलोय. पान वाचलं आणि डोकं तापलं. त्या पाच चुका तिच्या नव्हत्याच, इंग्रजीच्या होत्या. बघा.

पहिलं वाक्य, कॉफी आवडते. हिनं लिहिलं "यो गुस्तो एल काफे". 'आय लाइक' समोर ठेवल्यावर दुसरं काय सुचणार? बरोबर उत्तर "मे गुस्ता एल काफे". मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडते. मला आवडते कॉफी! आणि आंबे असतील तर "मे गुस्तान", आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच. इंग्रजी पुस्तकं याला 'उलटं क्रियापद' म्हणून समजावतात. कोणाला उलटं? आमच्याकडं तर दोन वर्षांचं पोरगंही "मला आवडतं" म्हणतं.

दुसरं, मी आईला बघते. हिनं लिहिलं "वेओ मी मादरे". हवं होतं "वेओ आ मी मादरे". मध्ये एक 'आ' राहिला आणि गुण गेला. पुस्तकात याची वेगळी चौकट असते, माणूस कर्म असला तर 'आ' लावा, पाठ करा. पण मराठीत आपण घर बघतो आणि आईला बघतो. घराला 'ला' लागत नाही, आईला लागतो. तो 'आ' म्हणजे हा 'ला'. गंमत पुढेच आहे. "मुलगी बघायला आलेत" आणि "मुलीला बघायला आलेत" यातला फरक आपल्याकडं कोणालाही शिकवावा लागत नाही. पहिलीत अजून कोणतीच मुलगी ठरलेली नाही. स्पॅनिशमध्येही लग्नाळू माणूस "बुस्को नोविया" म्हणतो तेव्हा तो 'आ' गळतो. इतकं नाजूक वळण जिच्या जिभेवर जन्मापासून आहे, तिला सांगायचं आधी इंग्रजी सुधार?

तिसरं, लहानपणी मी नदीवर जायचे. इंग्रजीत नुसतं 'वेंट', म्हणून हिनं "फुई" लिहिलं. फुई म्हणजे गेले, एकदा. जायचे, म्हणजे "इबा". गेले आणि जायचे यात घोटाळा करणारा मराठी माणूस मला दाखवा.

चौथं, हातून ग्लास पडला. हिनं शब्दकोश बघून "देखे काएर एल वासो" लिहिलं, त्याचा अर्थ जवळजवळ 'मी ग्लास पडू दिला'. हवं होतं "से मे कायो एल वासो". ग्लास पडला, माझ्या हातून. मुद्दाम नाही. घरात काही फुटल्यावर आजवर कोणत्या लेकरानं "मी फोडला" म्हटलंय? "फुटला!"

आणि पाचवं, पाऊस यावा अशी आशा आहे. हिनं लिहिलं "युएवे", म्हणजे पडतो. हवं "युएवा". तो एक 'आ' म्हणजे आपला विध्यर्थ. येतो आणि यावा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे प्रकरण शेवटी, भीत भीत शिकवतात, कारण इंग्रजीत त्याचं जवळजवळ काही उरलेलं नाही. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागातल्या माणसाला 'यावा' समजावून सांगावं लागतं का हो? स्पॅनिश माणूस या 'युएवा'आधी "ओखाला" म्हणतो. तो शब्द अरबीतून गेलेला, त्यात अल्ला आहे. आमच्या शेजारच्या खाला "इन्शाल्ला" म्हणायच्या, तेच.

सहावं वाक्य "सोय दे नांदेड" होतं. ते बरोबर आलं. असो.

मोंढ्यात माल शेतकऱ्याचा, घेणारा व्यापारी, आणि मध्ये अडत्या. इंग्रजी इथं अडत्या होऊन बसलीय आणि अडत कापून घेतेय. हे आपल्याकडं नवीनही नाही. निजामाच्या राज्यात घरी मराठी आणि शाळेत उर्दू, अशी एक अख्खी पिढी शिकली. पण निजामानं निदान 1918 साली उस्मानिया विद्यापीठ काढताना उर्दूत पुस्तकं आणायला भाषांतराचं खातं तरी उभं केलं होतं. आपण मराठीतून स्पॅनिशचं एक धड व्याकरण दुकानात मिळेल एवढंही केलं नाही.

यावर आधुनिक शिक्षक म्हणतील, भाषांतर करूच नका, थेट स्पॅनिशमध्ये विचार करा, बाळ शिकतं तसं शिका. बाळाला दिवसभर कडेवर घेणारी आई असते, तिला आठवड्याचे दोन तास. आणि हेच शिक्षक समजावतात इंग्रजीतून, प्रश्नही इंग्रजीतून काढतात. म्हणजे भाषांतर आहेच, फक्त तुमच्या भाषेतून नको. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेला हसणं सोपं आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या पोरं तिच्यावर इंग्रजी शिकली, कारण वाक्य स्वतःच्या भाषेतलं होतं आणि चूक कुठं झाली ते दिसायचं.

नुसती लाल रेघ मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. चूक कुठून आली ते सांगायला नको? (काशीत भट्टोजी दीक्षितांना व्याकरण शिकवणारे शेषकृष्ण ज्या शेष घराण्यातले, ते मूळचं आपल्या नांदेडचं मानतात. भट्टोजींनी पुढं 'प्रौढमनोरमे'त गुरूच्याच ग्रंथातल्या चुका काढल्या, पण कारणासकट. गुरूच्या बाजूनं जगन्नाथ पंडित मग कसे तुटून पडले, तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

मराठीनं सगळं सुटतं असं नाही. एल आणि ला ही उपपदं आपल्याकडं नाहीत. 'सेर' आणि 'एस्तार' दोन्हींना आपण 'आहे' म्हणून मोकळे होतो. भूक आपल्याला 'लागते', त्यांच्याकडं ती 'असते'. तिथं मराठी आडवी येणारच.

रात्री फोनवर तीच सहा वाक्यं मी तिला मराठीत सांगितली, नांदेडच्या मराठीत. इंग्रजीचं पान बंद करायला लावलं. चार बरोबर आली. 'आ' पुन्हा विसरली, पण "आईला" असं मोठ्यानं म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं. क्लास सोडणार का, ते अजून सांगितलं नाही. काल तिनं स्वतःहून पाच नवी वाक्यं पाठवलीत. दोन ठिकाणी 'एस्तार' हवं तिथं 'सेर' घातलंय. ही चूक मराठीची. आज रात्री त्याच्यावर बसणार आहोत.